फर्नेस स्ट्रीटचा मेयर

कॉलियर गावात महापौर पुष्कळ झाले. मेयर एकच.

गेल्या मंगळवारी तो गेला. फर्नेस स्ट्रीटवर, आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत. गुरुवारच्या पेपरात छापून आलं, 'माजी महापौर एमिल हुडाक यांचे निधन.' शुक्रवारी त्याच जागी दुरुस्ती आली. हुडाक हे कधीही महापौर नव्हते. चूक खरं तर पेपरवाल्यांची नव्हती. त्यांना फोनवर माहिती देणारी मुलगी फर्नेस स्ट्रीटचीच, विशीतली. लहानपणापासून ती त्याला 'जुने मेयर' म्हणत आली होती. जुने म्हणजे माजी, असं तिला वाटलं.

फर्नेस स्ट्रीटनं दुरुस्ती वाचली आणि पेपर घडी घालून ठेवून दिला. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. एमिल हुडाक महापौर का झाला नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

कॉलियरच्या मधोमध नदी आहे. अलीकडच्या काठाला पोलादाची मिल, आणि मिलच्या भिंतीला टेकून आमचे रस्ते. पलीकडे चढावर सिटी हॉल, कोर्ट, बँका, आणि ज्यांना धूर सोसत नाही त्यांची घरं. मध्ये लोखंडी पूल.

सिटी हॉलच्या जिन्यात महापौरांचे फोटो लावलेत. पहिला मिशाळ, मिलमालकाचा मेहुणा. मधला एकजण रस्त्यांच्या डांबरात हात मारून तुरुंगात गेला. त्याच्या फोटोची चौकट सगळ्यांत भारी. एकजण उन्हाळ्यातल्या जेवणावळीत शिंपले खाता खाताच गेला. फर्नेस स्ट्रीट या लोकांना मान द्यायचा नाही, पण काळ त्यांच्यावरच मोजायचा. कोणी म्हणायचं, तुरुंगवाल्याच्या वेळी माझं लग्न झालं. शिंपलेवाल्याच्या वर्षी पूर आला.

लायब्ररीत एक काचेचं कपाट आहे. गावाचं नाव काढणाऱ्यांचं. त्यात एका मुष्टियोद्ध्याचे हातमोजे आहेत, एका गायिकेचा पंखा आहे, विमानातलं कसलंसं घड्याळ बनवणाऱ्या माणसाचा चष्मा आहे. एमिल त्या कपाटापुढे उभा राहून म्हणायचा, "आत शिरायची अट एकच. गाव सोडायचं." खरंच होतं ते. मुष्टियोद्धा शिकागोला गेला, गायिका न्यूयॉर्कला, घड्याळवाला पार समुद्रापर्यंत. परत फक्त वस्तू आल्या.

आणि महापौरांतलाच एक फ्रँक सेडलाक. तो फर्नेस स्ट्रीटचाच. मिलच्या कामासाठी युरोपातून आलेल्या स्लोवाक लोकांतला माणूस महापौर झाला तो पहिल्यांदाच. निकालाच्या दिवशी आमच्या रस्त्यानं त्याला खांद्यावरून पुलापर्यंत नेलं. त्याआधी तो रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या पायरीवर बसलेला असायचा. निवडून आल्यावर एकदा आला, मग नाताळात आला, मग त्यानं चढावर घर घेतलं. पुढं त्याच्या गाडीचा रंग तेवढा लोकांना माहीत होता. फर्नेस स्ट्रीट त्याच्याविषयी वाईट बोलत नसे. बोलतच नसे.

एमिल त्या वेळी तरुण होता. मिलमध्ये भट्टीवर काम करायचा. अंगानं आडवा, आवाजानं बारीक. त्याला मेयर हे नाव पडलं ते असं. पलीकडून एक साहेब रस्त्याकडेची झाडं तोडायची खूण करायला आला. त्यानं म्हाताऱ्या मिसेस पेट्राकना विचारलं, "इथं बोलायचं कोणाशी?" एमिल तेव्हा त्यांच्याच छपराला शिडी लावून चढला होता. म्हातारीनं हात वर केला. "तो बघा. आमचा मेयर." साहेबानं खरोखर टोपी काढली. झाडं वाचली. नाव चिकटलं.

त्यानंतर सगळं त्याच्याकडे यायला लागलं. बर्फ पडलं की तो आपल्या दारापासून फावडं मारायला लागायचा तो कोपऱ्यावरच थांबायचा. कोणाच्या तळघरातला हीटर विझला की तो. कोणाच्या पोराला पोलिसांनी धरलं की चौकीत टोपी हातात घेऊन तो. पेन्शनच्या ऑफिसात ज्यांची जीभ अडखळते त्यांच्या शेजारी तो. मिल बंद पडली तेव्हा आठवडाभर रस्त्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एमिल मात्र दार वाजवत फिरला. काय बोलायचा? काही नाही. "कॉफी आहे का?" एवढंच विचारायचा आणि बसायचा.

त्याचं एकाच माणसाशी पटत नसे. डाव्या कुंपणापलीकडचा कार्माइन दे रोसा. कार्माइननं बर्फ काढून आपल्या गाडीपुरती जागा केली होती आणि तिथं रीतीप्रमाणे जागा राखायला खुर्ची मांडून ठेवली होती. अशी मांडलेली खुर्ची आमच्याकडे कोणी हलवत नाही. एमिलनं ती हलवली. ॲम्ब्युलन्सला जागा हवी होती. कार्माइनला ते पटलं, पण खुर्ची परत ठेवली नाही हे पटलं नाही. त्यावरून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी फक्त भांडण्यापुरतं बोलत.

मिल बंद होऊन आठ-नऊ हिवाळे गेले असतील. त्या वेळचे महापौर आजारी पडले आणि पुन्हा उभं राहणार नाही म्हणाले. पलीकडून डोनाल्ड प्रिट्चर्ड उभा राहिला. गाड्या विकायचा. दात फार चांगले.

लूथर टिलमन एमिलचा जुना सोबती. मिलमध्ये तो वर क्रेन चालवायचा आणि एमिल खाली भट्टीशी असायचा. वीस-बावीस वर्षं दोघं एकमेकांशी हातानंच बोलले, कारण आवाज ऐकूच यायचा नाही. एका संध्याकाळी लूथर एमिलच्या पायरीवर येऊन बसला.

"उभा राहा."

"बसू दे की सुखानं."

"मस्करी नाही करत मी. निवडणुकीला उभा राहा. काम तर तू करतोसच. नुसतं कागदावर आणायचंय."

"मला भाषण येत नाही, लूथर."

"प्रिट्चर्डला तेवढंच येतं. लोक कंटाळलेत."

आतून मार्गी, एमिलची बायको, म्हणाली, "त्याला चढवू नकोस रे. उतरवायला मी एकटी असते."

लूथर हसला. एमिल हसला नाही. लूथर गेल्यावरही तो पायरीवर बसून राहिला. पुलावरचे दिवे लागले तरी बसून होता. आत आला आणि मार्गीला म्हणाला, "गंमत म्हणून नाही. मला व्हायचंय."

मार्गीनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यानं स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवेना. "मग राहा," ती म्हणाली.

अर्जावरच्या सह्या फर्नेस स्ट्रीटनंच गोळा केल्या. लूथरची बायको अर्नेस्टीन पुलापलीकडच्या आपल्या चर्चमध्ये जाऊन सह्या घेऊन आली. मिसेस पेट्राक नव्वदीला टेकल्या होत्या, त्यांनी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेन दाखवलं. कुंपणांवर पाट्या लागल्या. 'मेयरला महापौर करा.' ही कल्पना लूथरची. कार्माइननंही एक पाटी लावली. एमिलला वाटलं, खोडी काढतोय.

एमिलनं सूट शिवला. चर्चच्या तळघरात शुक्रवारी तळलेले मासे मिळतात, तिथं टेबलाटेबलावर जाऊन बोलायला लागला. आधी अडखळायचा. मग त्याला कळलं की भाषण करायचंच नाही, विचारायचं. "तुमच्या रस्त्याला काय होतंय?" पलीकडच्या लोकांनाही कोणी हे विचारलं नव्हतं. चढावरच्या घरांतही दारं उघडायला लागली. घरी येऊन तो मार्गीला सांगायचा. अमक्या रस्त्याला पाणी तुंबतं. तमक्या शाळेचं छप्पर गळतं. त्याच्या बोलण्यात हळूहळू सगळं गाव यायला लागलं. मार्गी ऐकायची. तिला कळत होतं की हा निवडून येईल. आणि चांगला होईल.

ते फर्नेस स्ट्रीटलाही कळत होतं.

निकाल संध्याकाळीच आला. स्लोवाक क्लबात सगळे जमले होते. रेडिओवर एकेका केंद्राचा आकडा सांगत होते. पलीकडे नदीलगत एमिल पुढं. मधल्या वस्तीत पुढं. चढावर थोडासाच मागं, म्हणजे पुढं असल्यासारखंच. लोक टेबलं वाजवायला लागले. मग निवेदकानं आमच्या केंद्राचं नाव घेतलं. फर्नेस स्ट्रीटची शाळा.

एमिल तिथं पडला होता. थोडाथोडका नाही. चांगलाच.

निवेदकालाही खोटं वाटलं असावं. त्यानं आकडा पुन्हा वाचला. तोच होता. प्रिट्चर्ड काठावर निवडून आला. फर्नेस स्ट्रीट त्या दिवशी नुसता घरी बसला असता, तरी एमिल आला असता.

क्लबात टेबलं वाजायची थांबली. एमिलनं कोट घातला. बटणं सावकाश लावली. "बरं," तो म्हणाला. "दमलेत सगळे. घरी जाऊ या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गीनं त्याच्यापुढे होलुपकीचं ताट ठेवलं. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस आणि भात, वर टोमॅटोचा रस. सणासुदीचा पदार्थ, नाश्त्याला. त्यानं दोन घास खाल्ले. तेवढ्यात बेल वाजली.

अर्नेस्टीन होती. हातात मॅकरोनी-चीजचा मोठा ट्रे. "जेवायला करू नकोस, मार्गी," म्हणाली आणि चटकन निघून गेली. एमिलकडे तिनं पाहिलंही नाही. मग कोपऱ्यावरून कोबी आणि शेवया आल्या. मग मिसेस पेट्राकच्या नातसुनेनं अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव आणला. दुपारपर्यंत ओटा भरला. आमच्याकडे कोणी वारलं की असं जेवण येतं. भांडं परत मिळावं म्हणून त्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितात. एमिल भांडी उचलून नावं वाचत होता.

"कोण मेलंय इथं?" त्यानं विचारलं.

"चांगली माणसं आहेत. वाईट वाटलं त्यांना," मार्गी म्हणाली.

"एवढं?"

संध्याकाळी लूथर आला. त्याच्याही हातात डबा. तो पायरीवर बसला. डबा दोघांच्या मध्ये.

"लूथर," एमिल म्हणाला, "अर्नेस्टीननं सकाळीच आणून दिलंय. मग हे कशाला?"

"हे माझं आहे. ते तिचं."

एमिलनं डबा बाजूला सरकवला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "मत कोणाला दिलंस?"

लूथरनं तोंडावरून हात फिरवला. "अरे, मला वाटलं तू येणारच. सगळे तुलाच देणार. मग माझ्या एकट्याच्या मतानं काय होतंय? आत पडद्यामागं उभा राहिलो आणि मनात आलं, हा गेला की ही पायरी रिकामी. तसा तू जायला हवास, हेही खरं. म्हणून म्हटलं, एक मत. देवाला कळावं की एकाला तरी तू इथं हवा होतास."

"एक मत."

"एकच होतं रे ते. सगळ्यांनी तेच केलं असेल हे मला काय ठाऊक?"

एमिल उठला. आत गेला. दार आपटलं नाही. लूथरला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मग रस्त्यावर एक नवीनच गोष्ट झाली. त्याला मेयर म्हणायला कोणी धजेना. म्हटलं तर टोमणा वाटायचा. लोक 'एमिल' म्हणायला लागले. काही जण तर 'मिस्टर हुडाक' म्हणाले. ते ऐकून त्याला दुसऱ्याचाच कोट अंगावर चढवल्यासारखं व्हायचं. पहिलं बर्फ पडलं. त्यानं आपल्या पायरीवरचं काढलं आणि फावडं आत ठेवलं. कोपऱ्यापर्यंत रस्ता पांढराच राहिला. लोकांनी आपापल्या दारापुढचं काढलं, पण दोन घरांच्या मधलं काढायचं कोणी हे कोणालाच ठरवता येईना.

नाताळच्या आधी त्यानं ह्यूस्टनला मुलीला फोन केला. जोअन कधीपासून बोलावत होती. आमच्या निम्म्या गावाची पोरं मिल बंद झाल्यावर तिकडंच गेली होती. फोन ठेवून तो मार्गीला म्हणाला, "जाऊ या." दुसऱ्या दिवशी अंगणात पाटी लागली. घर विकणे आहे.

त्या पाटीनं रस्ता गप्प झाला. पडदे हलायचे, पण दारं उघडायची नाहीत. आला एकच माणूस. कार्माइन दे रोसा कुंपणाशी उभा राहिला.

"खरंच जातोयस?"

"तुझं काय जातंय?"

"मत गेलं माझं. फुकट. मी तुलाच दिलं होतं."

एमिलनं वळून पाहिलं. "तू?"

"मग! म्हटलं, बला पुलापलीकडे जाईल. हसतोस काय? मी प्रचार केला तुझा. बहिणीच्या घरच्या सगळ्यांना सांगितलं. आयुष्यात इतक्या मनापासून कोणासाठी राबलो नाही."

"आणि डबा आणला नाहीस."

"मी का आणू? मी काय केलंय?"

कार्माइननं कुंपणावरचं बर्फ बोटानं खाली पाडलं.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "तुला हाकलून दिलं असतं तर राग समजला असता मला. तुला जाऊ दिलं नाही म्हणून रागावलास. आणि रागावून काय, तर चाललास. याला काही अर्थ आहे का?"

"त्यांनी मला विचारलं असतं. उभा राहू नकोस म्हणाले असते."

"म्हणाले असते तर उभा राहिला नसतास?"

एमिल पाटीकडे बघायला लागला. उभा राहिलाच असता तो.

"गेलास तर कुंपणाची अर्धी बाजू रंगवून जा," कार्माइन म्हणाला आणि आत गेला.

सामान बांधायला सुरुवात झाली तेव्हा मार्गी म्हणाली, "आधी ही भांडी ज्याची त्याला दे. लोकांचे ट्रे घेऊन का जायचं टेक्सासला?" तिनं सगळी भांडी घासून, पुसून ठेवली होती. इतके दिवस ती तशीच ओट्यावर होती. एमिल त्यांच्याकडे न बघता कॉफी प्यायचा.

तो निघाला. पहिलं दार टिलमनांचं. अर्नेस्टीननं ट्रे घेतला आणि पोटाशी धरला. "आवडलं का?" तिनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला रडू फुटलं. "मीठ कमी होतं," एमिल म्हणाला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि हे खरं होतं. मागून लूथर म्हणाला, "मी हिला सांगितलं होतं." अर्नेस्टीन रडता रडता नवऱ्यावर खेकसली.

शेवटचं दार मिसेस पेट्राकचं. त्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसल्या होत्या. एमिलनं त्यांची ताटली न विचारता वरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "मी तुला मत दिलं नाही."

"माहीत आहे."

"पुन्हा उभा राहिलास तरी देणार नाही."

"मी फ्रँक सेडलाकसारखा झालो असतो असं वाटलं ना तुम्हाला? चढावर घर घेतलं असतं? एवढी वर्षं तुमच्या छपरावर चढतोय मी. एवढीच ओळख झाली का माझी?"

त्याचा बारीक आवाज चढला होता. म्हातारीनं मान हलवली.

"फ्रँक वाईट होता. वाईट महापौर कोणाचाच नसतो. चार दिवस वाईट वाटतं, मग संपतं. तू चांगला झाला असतास, पोरा. चांगला महापौर सगळ्या गावाचा असतो. मग मी तुला हाक कशी मारणार? त्या शाळेचं छप्पर गळत असताना माझ्या छपरावर ये म्हणायला मला तोंड राहिलं असतं का?"

एमिल बसून राहिला. त्याला म्हणायचं होतं की मला ते हवं होतं. शाळेचं छप्पर, तुंबलेलं पाणी, सगळं. ते माझ्या हातानं झालं असतं, आणि आता त्या दात चांगले असलेल्या माणसाच्या हातानं होणार नाही. हे खरं होतं आणि ते कधीच भरून येणार नव्हतं. म्हातारीलाही ते माहीत होतं. तिनं माफी मागितली नाही.

"मला हवं होतं ते," तो शेवटी म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "दिसत होतं. सुटात चांगला दिसायचास."

खाली तळघरात काहीतरी खडखडलं. एमिलनं कान टवकारले. तो उठून जिन्याच्या दाराशी गेला.

"कधीपासून वाजतोय हीटर?"

"राहू दे. ह्यूस्टनला जाणाऱ्या माणसानं कशाला हात काळे करायचे? तिकडं हीटर लागत नाहीत म्हणे."

"नाही लागत."

"मग तू करशील काय रे तिथं?"

तो खाली उतरला. वर आला तेव्हा हात काळे होते. म्हातारीनं बोटानं साबण दाखवला. दाखवायची गरज नव्हती.

घरी आला तेव्हा ऊन कलत होतं. मार्गी पेपरात पेले गुंडाळत होती. ओट्यावर एकच भांडं उरलं होतं. निळं, झाकणाचं, मोठं. एमिलनं ते उलटं करून पाहिलं. बुडाला चिकटपट्टी नव्हती.

"हे राहिलं. कोणाचं?"

"आपलंच."

"यात काय होतं?"

"होलुपकी."

त्यानं भांडं सरळ केलं. त्याला ती सकाळ आठवली. ताट अर्नेस्टीनच्या आधी आलं होतं. सगळ्यांच्या आधी. आणि होलुपकी सकाळी करायला घेऊन सकाळी होत नाहीत. कोबी उकडावा लागतो, पानं सोडवावी लागतात, रात्रभर मुरू द्यावं लागतं. लहानपणापासून त्यानं आईला, मग मार्गीला हे करताना पाहिलं होतं.

"मार्गी," तो म्हणाला. "कोबी कधी उकडलास?"

मार्गीनं हातातला पेला खाली ठेवला.

"मत देऊन आल्यावर."

तो उभाच राहिला. रस्त्यावर कोणाची तरी गाडी बर्फात अडकली होती. चाकं फिरत होती. तो आवाज दोघांनीही ऐकला.

"तू म्हणाली होतीस, राहा."

"म्हणाले होते. आणि तू यावंस असं वाटतही होतं. शपथ घेऊन सांगते. पण आत गेले आणि हात थांबला. रस्त्याला दिलाय तुला लग्न झाल्यापासून. ताट झाकून ठेवायला मला कधी जड गेलं नाही. पण सगळ्या गावाला द्यायला माझ्याकडे तू उरलाच नव्हतास, एमिल."

तो रागावला असं नाही. त्याचा राग गेल्या काही आठवड्यांत इतक्या दारांवर वाटला गेला होता, की इथं पुरेसा उरलाच नाही. त्याला नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मिसेस पेट्राककडे साबण कुठं असतो हे त्याला माहीत होतं. टिलमनांच्या घरी फ्यूज कुठं, कोपऱ्यावरच्या घरात पाण्याचा नळ कुठून बंद करायचा, हे माहीत होतं. अंधारात सापडलं असतं.

भांडं त्याच्या हातात होतं, आणि ते कुठं ठेवायचं हे ठाऊक नव्हतं.

"हे खोक्यात घालू नकोस," तो म्हणाला.

"मग?"

"ठेवून देतो. कुठं असतं हे?"

मार्गीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"लग्नात मिळालंय आपल्याला ते," ती म्हणाली.

"हो. पण असतं कुठं?"

"खालच्या कपाटात. डावीकडे."

तो गुडघ्यावर बसला. एका हातानं ओटा धरून, सावकाश. कपाटाचं दार उघडलं. आत अजून काहीच बांधलेलं नव्हतं. मार्गीनं त्या कपाटाला हातच लावला नव्हता. तवे होते, चाळण होती, एकात एक घातलेले वाडगे होते. भांडं मांडीवर घेऊन तो एकेक वस्तू बघत बसला.